बोटीचा खरा मालक कोण? अमेरिकेतील हक्कनोंदी शोधण्याची आणि वाचण्याची पद्धत

अमेरिकेत जुनी बोट विकत घ्यायला निघालेल्या माणसासमोर विक्रेता बहुधा एकच कागद ठेवतो, तो म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र. त्यावर विक्रेत्याचे नाव असते, बोटीचा क्रमांक असतो, चालू वर्षाचा शिक्का असतो, आणि नवख्या माणसाला वाटते की मालकीचा प्रश्न इथेच मिटला. प्रत्यक्षात त्या कागदावरून एवढेच कळते की ही बोट अमुक नावावर पाण्यात उतरवण्याची परवानगी आहे. मालकी वेगळी गोष्ट आहे. ती एका हातातून दुसऱ्या हातात सह्यांनिशी जाते, आणि त्या प्रत्येक हस्तांतराची नोंद जिथे राहते ते दप्तर उघडून पाहिल्याशिवाय मालक कोण हे ठामपणे सांगता येत नाही. सातबारा पाहून न थांबता फेरफार नोंदी मागे मागे वाचत जाणाऱ्या वाचकाला ही शिस्त नवी वाटणार नाही.

बोट विकत घेणे हे या शोधाचे सर्वांत नेहमीचे कारण असले, तरी ते एकमेव नाही. आपल्या धक्क्याला कोणीतरी बोट बांधून निघून गेलेले असते, वादळात दोर तुटून आलेली बोट आपल्या बोटीवर आदळलेली असते, किंवा वारसाहक्काने आलेल्या बोटीवर आधीचे कर्ज आहे का हे पाहायचे असते. पद्धत सगळीकडे जवळपास तीच आहे. फक्त माहिती मागण्याचे कारण बदलते, आणि ते कारण अर्जात खरे व स्पष्ट लिहावे लागते.

पहिली पायरी : कागद बाजूला ठेवून बोट वाचणे

शोधाची सुरुवात कार्यालयात होत नाही, बोटीजवळ होते. हातात विजेरी, वही आणि छायाचित्रे घेण्यासाठी फोन असावा. बोटीवर तीन प्रकारच्या खुणा असू शकतात आणि त्यांपैकी कोणत्या आहेत आणि कोणत्या नाहीत, यावरून पुढचा सगळा मार्ग ठरतो.

पहिली खूण म्हणजे राज्याचा नोंदणी क्रमांक. तो बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंना, किमान ३ इंच उंचीच्या अक्षरांत रंगवलेला किंवा चिकटवलेला असतो. सुरुवातीला राज्याची दोन अक्षरे, मध्ये जास्तीत जास्त चार अंक आणि शेवटी एक-दोन अक्षरे अशी त्याची रचना असते. शेवटच्या अक्षरांत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. त्यामुळे या जागी ओ लिहिलेला दिसला, तर क्रमांक चुकीचा रंगवला आहे किंवा आपण चुकीचा वाचला आहे असे समजावे.

दुसरी खूण म्हणजे बोटीचे नाव आणि त्याखाली एका गावाचे व राज्याचे नाव. नाव तर कोणीही हौसेने रंगवतो; पण नावासोबत गाव आणि राज्य लिहिलेले असेल, आणि पुढच्या भागावर राज्याचा क्रमांक नसेल, तर ही बोट बहुधा राज्याच्या नव्हे, तर केंद्र सरकारच्या दप्तरात नोंदलेली आहे. अशा बोटीला तिथल्या व्यवहाराच्या भाषेत डॉक्युमेंटेड बोट म्हणतात. तिचा अधिकृत क्रमांक बाहेर दिसत नाही. तो बोटीच्या आत, मजबूत आणि कायमस्वरूपी भागावर, किमान ३ इंच उंचीच्या अंकांत, सहज पुसता किंवा बदलता येणार नाही अशा रीतीने लिहिलेला असावा लागतो. इंजिनाच्या कप्प्यात वा केबिनमधल्या आडव्या तुळईवर तो बघावा. हा अंक नुसत्या प्लास्टिकच्या चिकटपट्टीवर असून कडा सुटलेल्या असतील, तर खुशाल प्रश्न विचारावा.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे. तिला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात, बोलताना एचआयएन. मोटारीला जसा चॅसिस क्रमांक, तसा बोटीला हा क्रमांक. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून कारखान्यात तयार होणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या बोटींना तो बंधनकारक आहे. बोटीची मागची उभी सपाट फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तो कोरलेला किंवा ठोकलेला सापडतो. अक्षरे जेमतेम पाव इंच उंचीची असतात, त्यामुळे शेवाळ आणि रंगाचे थर यांखाली ती सहज दडून जातात. विजेरी समोरून न धरता बाजूने तिरपी धरली, की खोलगट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि क्रमांक वाचता येतो.

हा क्रमांक बारा अक्षरांचा असतो. उदाहरणासाठी रचलेला एक क्रमांक घेऊ : एबीसी ४५६७८ एच ४ ०५. पहिली तीन अक्षरे बोट बांधणाऱ्या कारखान्याची ओळख सांगतात. कोस्ट गार्डकडे या अक्षरांची यादी आहे आणि ती कोणालाही पाहता येते. पुढची पाच स्थाने त्या कारखान्याने दिलेला अनुक्रमांक. नवव्या जागेवरचे अक्षर महिना दाखवते, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असे मोजत डिसेंबरला एल. म्हणून इथे एच म्हणजे ऑगस्ट. दहाव्या जागेवरचा ४ हा वर्षाचा शेवटचा अंक आणि अखेरचे ०५ म्हणजे २००५ चे मॉडेल. एकत्र वाचले तर ही बोट ऑगस्ट २००४ मधली, २००५ चे मॉडेल म्हणून विकलेली. ही मांडणी १९८४ पासूनच्या बोटींना लागू पडते. त्याआधीच्या बोटींत शेवटच्या चार जागांची मांडणी वेगळी आढळू शकते.

आता हे विक्रेत्याच्या कागदाशी ताडून पाहावे. कागदावर मॉडेल २००९ चे आणि क्रमांक सांगतो २००५, किंवा कागदावर एका कारखान्याचे नाव आणि पहिली तीन अक्षरे दुसऱ्याच कारखान्याची, असे असेल तर पुढे जाण्याआधी थांबावे. पहिल्या दोन जागांवर राज्याची अक्षरे आणि तिसऱ्या जागेवर झेड असेल, तर तो क्रमांक कारखान्याने नव्हे तर राज्याने दिलेला आहे. घरी बांधलेल्या बोटींना असा क्रमांक देतात, त्यामुळे त्यात आपोआप गैर काही नाही. परंतु विक्रेता ती प्रसिद्ध कारखान्याची बोट म्हणून विकत असेल, तर मूळ क्रमांकाचे काय झाले हे विचारणे आपला हक्क आहे. ऑगस्ट १९८४ पासून दुसरा, तंतोतंत तसाच क्रमांक बोटीच्या आतल्या दडलेल्या जागी लिहावा लागतो. त्याची जागा मुद्दामच जाहीर नसते. ट्रान्समवरचा क्रमांक घासलेला, पुन्हा कोरलेला किंवा भोवतीचा रंग वेगळा वाटला, तर स्वतः उलगडा करत न बसता पोलिसांच्या जलविभागाकडे जावे. चोरीच्या बोटींची राष्ट्रीय यादी त्यांना पाहता येते, सामान्य नागरिकाला नाही.

राज्याचा क्रमांक बोट दुसऱ्या राज्यात गेली की बदलतो, नाव मालकाच्या मर्जीने बदलते, पण एचआयएन बदलत नाही. म्हणून सर्व पत्रव्यवहारात हाच क्रमांक आधी लिहावा.

दुसरी पायरी : दप्तर राज्याचे की केंद्राचे

नवखी माणसे चुकतात ती बहुधा इथे. अमेरिकेत बोटींच्या मालकीचे एकच दप्तर नाही. लहान बोटी राज्यांकडे असतात आणि प्रत्येक राज्याने हे काम वेगळ्या खात्याकडे दिलेले आहे. कॅलिफोर्नियात ते मोटार वाहन विभागाकडे आहे, टेक्सासमध्ये उद्याने व वन्यजीव विभागाकडे, वॉशिंग्टन राज्यात परवाना विभागाकडे, मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (म्हणजे परराष्ट्रमंत्र्याच्या नव्हे, त्या राज्याच्या सचिवाच्या) कार्यालयाकडे. फ्लोरिडात खाते महामार्ग सुरक्षा व मोटार वाहनांचे, पण खिडकीवरचे काम काउंटीच्या कर संकलकाच्या कार्यालयात होते. म्हणून बोटीवरची पहिली दोन अक्षरे पाहून त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरूनच योग्य खाते शोधावे.

केंद्राचे दप्तर मात्र एकच आहे : कोस्ट गार्डचे नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटर, वेस्ट व्हर्जिनियातील फॉलिंग वॉटर्स या गावी. तिथे नोंद होण्यासाठी बोट किमान ५ नेट टनांची आणि मालक अमेरिकन नागरिक असावा लागतो. हा टन वजनाचा नाही, आतल्या जागेचा आहे. साधारण २५ फूट आणि त्याहून लांब बोटी बहुतेक वेळा या मापात बसतात. मासेमारी आणि किनारी वाहतूक करणाऱ्या अशा बोटींना केंद्राची नोंद सक्तीची आहे. हौसेसाठी वापरल्या जाणाऱ्या बोटींना ती ऐच्छिक आहे, पण कर्ज देणाऱ्या बँका बरेचदा तिचाच आग्रह धरतात, कारण तिथे नोंदवलेल्या गहाणाला कायद्याने मजबूत स्थान मिळते.

केंद्राकडे नोंदलेल्या बोटीला राज्याचे टायटल, म्हणजे राज्याने दिलेला मालकीचा दाखला, असू शकत नाही. काही राज्ये अशा बोटींकडूनही वार्षिक नोंदणी शुल्क घेऊन एक चिकटपट्टी देतात, पण ती मालकीची खूण नव्हे. एकाच बोटीचे चालू राज्य-टायटल आणि चालू केंद्रीय प्रमाणपत्र अशी दोन्ही कागदपत्रे विक्रेत्याने पुढे केली, तर त्यातले एक तरी रद्द व्हायला हवे होते आणि झालेले नाही. दोन्ही दप्तरांत चौकशी केल्याशिवाय अशा बोटीला हात लावू नये.

तिसरी पायरी : राज्याचे टायटल मागवणे आणि तपासणे

टायटल म्हणजे राज्याने दिलेला मालकीचा दाखला, आणि नोंदणी म्हणजे वापराची परवानगी. हा फरक मनात पक्का असावा. सर्व राज्ये बोटींना टायटल देत नाहीत आणि जी देतात तीही सर्व बोटींना देत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये १९८७ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या, किमान १४ फूट लांब बोटींना टायटल लागते. त्याहून जुन्या बोटीची मालकी नोंदणीच्या कागदावर आणि विक्रीपत्रांवर चालते. टेक्सासमध्ये बोटीबाहेर लावलेल्या मोटरला, म्हणजे आउटबोर्ड इंजिनाला, स्वतःचे वेगळे टायटल असते. तेव्हा बोट एकाची आणि इंजिन दुसऱ्याचे असा प्रकार तिथे कागदोपत्री घडू शकतो. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरची नोंद तर रस्त्यावरच्या वाहनांच्या दप्तरात असते. ती वेगळी तपासावी.

नोंदीचा उतारा मिळवण्यासाठी खात्याचा ठरलेला अर्ज असतो. त्यात एचआयएन, राज्याचा क्रमांक, अर्जदाराची ओळख, माहिती मागण्याचे कारण आणि शुल्क एवढे लागते. काही राज्ये मालक आणि बोजा यांची माहिती सहज देतात. काही राज्ये मालकाचे नाव आणि पत्ता खाजगी मानून ठरावीक कारणांसाठीच देतात. नाव मिळाले नाही तरी वाट बंद होत नाही. विक्रेत्यालाच स्वतःच्या नावावरचा ताजा उतारा काढून आणायला सांगावे किंवा दोघांनी मिळून खिडकीवर जावे. खरा मालक याला सहसा नकार देत नाही, आणि नकार आलाच तर त्याचे कारण ऐकून घ्यावे, पण पैसे खिशातच ठेवावेत.

हाती टायटल आले की काही जागा बारकाईने पाहाव्यात. मालक म्हणून दोन नावे असतील तर त्यांच्यामधला शब्द वाचावा : अनेक राज्यांत 'अँड' असेल तर दोघांच्या सह्या लागतात आणि 'ऑर' असेल तर एकाचीही चालते. पतीने एकट्याने सही केलेली बोट पत्नीचे नाव 'अँड'ने जोडलेले असताना तुमची होत नाही, मग पैसे पूर्ण दिलेले असोत. बोजा असलेल्या जागी बँकेचे नाव असेल, तर कर्ज फेडल्याचे बँकेचे मुक्तिपत्र हवे. 'कधीच फेडले' हे तोंडी उत्तर पुरेसे नाही. 'डुप्लिकेट' असा शिक्का दिसला तर घाबरू नये, पण हे लक्षात ठेवावे की नवी प्रत निघाली की जुनी बहुतेक ठिकाणी रद्द होते, म्हणून विक्रेत्याच्या हातातली जुनी, देखणी प्रत कदाचित निव्वळ कागद असेल. चालू प्रत कोणती, हे खातेच सांगू शकते.

आणखी एक प्रकार वारंवार भेटतो. टायटलवर तिसऱ्याच माणसाचे नाव असते, त्याची विक्रीची सही झालेली असते, घेणाऱ्याची जागा कोरी असते आणि समोरचा विक्रेता म्हणतो की मी त्याच्याकडून घेतली, नावावर करायची राहिली, तुम्ही थेट तुमचे नाव घाला. यात विक्रेता साखळीतून गायब होतो. उद्या वाद झाला तर तुम्हाला बोट विकल्याचा पुरावा ज्याच्याविरुद्ध हवा, त्याचे नाव कुठेच नसते. असा व्यवहार करू नये. आधी त्याने स्वतःच्या नावावर टायटल करून घ्यावे, मग तुम्हाला विकावे. उशीर झाला तरी चालेल.

चौथी पायरी : केंद्राचा हक्क-उतारा

डॉक्युमेंटेड बोटीसाठी जो कागद मागवायचा त्याला ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल म्हणतात. तो प्रमाणपत्राहून वेगळा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातला सर्वांत मोलाचा कागद हाच आहे. प्रमाणपत्र आजच्या दिवसाचे चित्र दाखवते. हा उतारा बोट केंद्राच्या दप्तरात आल्यापासूनची नोंदलेली विक्रीपत्रे, गहाणखते आणि दावे क्रमाने दाखवतो. अमेरिकेच्या कायद्यातच असे म्हटले आहे की डॉक्युमेंटेशनचे प्रमाणपत्र राष्ट्रीयत्वाचा निर्णायक पुरावा असले, तरी मालकीचा वाद उभा राहिला तर मालकीचा निर्णायक पुरावा नाही. अधिकृत क्रमांक आणि ठरलेले शुल्क देऊन हा उतारा कोणीही मागवू शकतो, मालकाची परवानगी लागत नाही.

मी पहिला उतारा वाचला तेव्हा डोळे आपसूक शेवटच्या ओळीकडे गेले, कारण आजचा मालक तिथे असतो. ती सवय मोडायला हवी. उतारा वरून खाली वाचावा. प्रत्येक नोंदीत कोणी दिले, कोणाला दिले, किती हिस्सा दिला, कागदाची तारीख काय आणि नोंद कोणत्या दिवशी किती वाजता झाली, एवढे असते. एका ओळीत ज्याला मिळाले, त्याच नावाने पुढच्या विक्रीत दिलेले असायला हवे. वहीत दोन रकाने पाडून डावीकडे देणारा आणि उजवीकडे घेणारा लिहीत गेले, तर तुटलेली कडी लगेच उघडी पडते. समजा १०० टक्के हिस्सा दोन भावांना मिळाला आणि पुढच्या ओळीत एकाच भावाने पूर्ण बोट विकली. दुसऱ्या भावाचा हिस्सा कुठे गेला? कदाचित तो वारला असेल, कदाचित त्याचे विक्रीपत्र नोंदायचे राहिले असेल. कारण काहीही असो, ते कागदावर यावे लागते. सहमालकांची नोंद दोन प्रकारे होते : एकात एक जण वारला की त्याचा हिस्सा आपोआप हयात सहमालकाकडे जातो, दुसऱ्यात तो त्याच्या वारसांकडे जातो. विक्रीपत्रावर पहिला प्रकार स्पष्ट निवडलेला नसेल तर दुसरा धरला जातो, आणि मग वारसांच्या सह्यांशिवाय विक्री पुरी होत नाही.

गहाणाच्या नोंदींसाठी वेगळे पान करावे. प्रत्येक गहाणखतासमोर त्याची मुक्ती नोंदलेली आहे का, हे पाहावे. कर्ज वीस वर्षांपूर्वीचे असले, बँक विलीन होऊन तिचे नाव बदलले असले, तरी मुक्तीची नोंद नसेल तर दप्तराच्या दृष्टीने बोजा उभाच आहे. तो उतरवण्यासाठी जुन्या बँकेची जागा घेतलेल्या बँकेकडून मुक्तिपत्र मिळवावे लागते आणि हे काम विक्रेत्याने, विक्रीआधी करायचे असते. दुरुस्ती करणारे, इंधन पुरवणारे किंवा धक्क्याचे भाडे थकलेले लोकही आपला दावा इथे नोंदवू शकतात. अशा नोंदलेल्या दाव्याची मुदत, सूचनेत नमूद केलेल्या तारखेपासून ३ वर्षांनी संपते, म्हणून तारीख वाचल्याशिवाय घाबरायचेही नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही.

प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल, तर बोट केंद्राच्या दप्तरातून कमी झाली असण्याची शक्यता असते. तसे असेल तर उतारा जिथे थांबतो तिथून पुढचा धागा राज्याच्या दप्तरात पकडावा.

पाचवी पायरी : जे कोणत्याच दप्तरात दिसत नाही

सागरी कायद्याचा एक भाग जमिनीच्या व्यवहारांना सरावलेल्या माणसाला धक्का देतो. बोटीवरचे काही दावे नोंद न होताही जिवंत असतात आणि मालक बदलला तरी बोटीलाच चिकटून राहतात. खलाशांचे थकलेले पगार, बुडत्या बोटीला वाचवल्याचा मोबदला, दुरुस्तीचे आणि इंधनाचे बिल, टकरीची भरपाई हे त्यांतले मुख्य. दावेदार मालकावर नव्हे तर थेट बोटीवर खटला भरतो आणि न्यायालय बोट ताब्यात घेते. उतारा स्वच्छ असणे आवश्यक आहे, पुरेसे मात्र नाही.

म्हणून बोट ज्या धक्क्याला असते तिथल्या व्यवस्थापकाला भाडे थकले आहे का हे विचारावे, गेल्या दोन-तीन वर्षांत काम केलेल्या दुरुस्ती-कारखान्याकडून बिले चुकती झाल्याचे लिहून घ्यावे, आणि विक्रीपत्रात विक्रेत्याकडून असे कलम घालावे की विक्रीआधीच्या काळातला कोणताही दावा निघाला तर तो भरेल. बोट मोठी असेल तर रक्कम काही काळ तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात ठेवणे शहाणपणाचे. बोटीला टायटल नसलेल्या राज्यात कर्जाची नोंद वेगळीच असते : ती मालकाच्या नावाने सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात, तारण-कर्जाच्या सूचनांच्या यादीत सापडते. तिथे बोटीच्या नव्हे, माणसाच्या नावाने शोधावे लागते आणि नावाचे स्पेलिंग तंतोतंत लागते.

मालकाच्या जागी माणूस नसेल तेव्हा

उताऱ्याच्या शेवटच्या ओळीत एखाद्या कंपनीचे नाव असेल, तर शोध संपत नाही, दुसऱ्या कार्यालयात सरकतो. कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली तिथल्या व्यवसाय-नोंदीत ती चालू आहे की विसर्जित झाली, तिचा नोंदणीकृत प्रतिनिधी कोण, हे सापडते. सही करणाऱ्याला कंपनीने तसा अधिकार दिला आहे याचा ठराव मागावा. ट्रस्ट असेल तर विश्वस्ताच्या नेमणुकीचा कागद, मालक वारला असेल तर मृत्युपत्राच्या न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाचे अधिकारपत्र. मुलाने दाखवलेला मृत्यूचा दाखला मृत्यू सिद्ध करतो, विकण्याचा अधिकार नाही.

परदेशी निशाण असलेली बोट

मागे दुसऱ्या देशाचे बंदर लिहिलेले असेल तर त्या देशाच्या दप्तरात जावे लागते, आणि प्रत्येक देशाच्या दप्तराचे वजन सारखे नसते. ब्रिटनच्या जहाज-नोंदणीचे चार भाग आहेत. पहिल्या भागातील नोंद मालकीच्या पुराव्यांवर होते, तिथे बोटीची मालकी ६४ हिश्शांत विभागलेली असते, गहाणही नोंदता येते आणि नोंदीची प्रत कोणीही मागवू शकतो. तिसरा भाग लहान बोटींचा. त्यातली नोंद स्वस्त आणि सोपी असते, पण ती मालकी सिद्ध करत नाही आणि तिथे गहाण नोंदले जात नाही. दोन्ही कागद ब्रिटिशच, म्हणून सारखेच असे मानणारा खरेदीदार फसतो. भारतातील १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने ही वाटणी १० हिश्शांची केली होती, त्यामुळे त्या कायद्याखालच्या कागदांवर हिस्से दहातून मोजलेले दिसतील.

मोठ्या जहाजांना आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक असतो. तो सात अंकी असून मालक, नाव किंवा निशाण बदलले तरी कायम राहतो, आणि त्यावरून एक्वासिस या विनामूल्य संकेतस्थळावर नोंदणीकृत मालक व व्यवस्थापक कंपनी पाहता येते. रेडिओसाठीचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक मात्र मालकीचा पुरावा धरू नये. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात, जसे ४१९ म्हणजे भारत, पण तो संपर्कयंत्रणेसाठी आहे आणि बोट विकल्यावर जुन्या नावावरच राहिलेला असू शकतो. बोट जुन्या देशाच्या दप्तरातून काढून नव्या देशात नोंदवायची असेल, तर जुन्या दप्तराचा वगळल्याचा दाखला मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

इंटरनेटवर शोधताना सरकारी नाव आणि मुद्रा यांची नक्कल करणाऱ्या खाजगी संस्था वर दिसतात. त्या तोच अर्ज भरून देण्याचे कितीतरी जास्त शुल्क घेतात, आणि अशा संस्थांच्या पत्रांबाबत कोस्ट गार्डने स्वतः बोटमालकांना सावध केले आहे. अमेरिकन सरकारी संकेतस्थळाचा पत्ता साधारणपणे डॉट गव्ह किंवा, कोस्ट गार्डच्या बाबतीत, डॉट मिल यावर संपतो. तो आधी वाचावा.

दुसरी गोष्ट सोडून दिलेल्या बोटीबद्दल. मालक सापडला नाही म्हणजे बोट आपली झाली असे होत नाही. प्रत्येक राज्यात सूचना देण्याची, वाट पाहण्याची आणि मग हक्क मागण्याची ठरलेली पद्धत आहे, आणि ती न पाळता बोट हलवणे किंवा तिचे सुटे भाग काढणे चोरीत मोजले जाऊ शकते. नाव आणि पत्ता मिळाला तरी थेट दारात जाऊ नये. नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी, कारण पुढच्या अर्जाला तीच जोडावी लागते.

व्यवहार ठरल्यावर

पैसे देण्याच्या आदल्या दिवशी ताजा उतारा पुन्हा पाहावा, कारण पहिला उतारा आणि विक्री यांच्या मधल्या आठवड्यांत नवे गहाण चढू शकते. विक्रीपत्रावर एचआयएन आणि अधिकृत क्रमांक बोटीवरून पुन्हा वाचून लिहावा, कागदावरून उतरवू नये. केंद्राच्या विक्रीपत्राचा ठरलेला नमुना आहे, त्यावरच्या सह्या अधिकाऱ्यासमोर प्रमाणित कराव्या लागतात. सही झाली की तो कागद लगेच नोंदणीला पाठवावा. दोन खरेदीदारांत किंवा खरेदीदार आणि सावकार यांच्यात वाद झाला तर नोंदीची वेळ मोजली जाते, म्हणूनच त्या रकान्यात तारखेबरोबर तास-मिनिटेही असतात. नोंद झाल्याचे कळवणारे पत्र आले, की एक शेवटचा उतारा स्वतःच्या नावाने मागवावा, वरून खाली वाचावा आणि शेवटच्या ओळीत आपल्या नावाचे प्रत्येक अक्षर आणि हिश्शाचा आकडा बरोबर उमटला आहे ना, हे पाहून तो विक्रीपत्राच्या प्रतीशेजारी ठेवून द्यावा.